कोंबडीच्या पायातला माणसाचा जंतू

ब्रॉयलरच्या शेडमध्ये सकाळची फेरी मारणारा माणूस सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहतो : कोंबड्या उठतात का? तो पुढे सरकला की तुसाच्या गादीवरून पांढरी लाट बाजूला होते. लाट सरकल्यावर जी जागेवरच उरते ती ‘बसलेली’ कोंबडी. तिला हाकलले तर पंखांचा आधार घेत ती दोन पावले टाकते आणि पुन्हा बसते. बऱ्याचदा डोळे स्वच्छ असतात, तुरा लाल असतो, भूकही असते. पण खाद्याच्या भांड्यापर्यंत आणि पाण्यापर्यंत चालत जाणे तिला जमत नाही. मग ती तहानेने मरते, किंवा त्याआधी मालक तिला बाजूला काढतो. हे दुखणे बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात दिसते, म्हणजे खाद्याचा जवळपास सगळा खर्च होऊन गेलेला आणि गाडी भरायला चार दिवस उरलेले असताना.

कोंबडी बसण्याची कारणे अनेक. विषाणू, जीवनसत्त्वांची कमतरता, खाद्यातले बिघडलेले प्रमाण, यांपैकी काहीही असू शकते. पण मेलेल्या पक्ष्याची तपासणी करताना पशुवैद्यकाला सुजलेल्या सांध्यात पिवळट, घट्ट पू दिसला किंवा मांडीच्या हाडाचे वरचे टोक हातात भुगा होऊन आले, तर संशय ज्या मोजक्या जंतूंवर जातो त्यांत वरचे नाव असते स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हे नाव माणसांच्या डॉक्टरांना पाठ आहे. आपल्या मानेवरचे गळू, पापणीवरची रांजणवाडी, नखाच्या कडेला ठणकणारे नखुरडे, शस्त्रक्रियेनंतर चिघळलेली जखम, या सगळ्यांमागे बहुतेक वेळा हाच असतो. साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात तो काहीही त्रास न देता राहत असतो.

त्याच्या शोधाच्या गोष्टीतही कोंबडी आहेच. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतूंचे पुंजके दिसले. प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याच्या आजच्या सोयी तेव्हा नव्हत्या. ऑग्स्टन यांनी हे जंतू कोंबडीच्या ताज्या अंड्यांत वाढवले. ग्रीक भाषेतल्या द्राक्षघडाच्या शब्दावरून त्यांनी ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले. पुढे १८८४ मध्ये जर्मन डॉक्टर रोझेनबाख यांनी त्याच्या सोनेरी रंगावरून ‘ऑरियस’ हे पाळण्यातले दुसरे नाव जोडले.

आता हा जंतू कोंबडीच्या पायातच का जाऊन बसतो? आजचा ब्रॉयलर ३५ ते ४० दिवसांत दोन किलोंच्या आसपास जातो. एवढे वजन पेलण्यासाठी त्याच्या पायाची हाडे फार झपाट्याने लांबावी लागतात. वाढ होते ती हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेत. वजन आणि वाढ यांच्या ओढाताणीत तिथे बारीक बारीक भेगा पडतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपल्या जातात, आणि रक्तातून फिरणाऱ्या जंतूला लपायला जागा मिळते. तिथे रक्त नीट पोचत नाही, त्यामुळे शरीराचे रक्षकही पोचत नाहीत आणि औषधही. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांना हलत्या जाळीच्या तळावर वाढवून पाहिले. पायांवरचा ताण वाढला तसे लंगडणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाणही वाढले. त्या प्रयोगांत हाडांत सापडलेल्या जंतूंत स्टॅफिलोकॉकसच्या जाती ठळक होत्या. वेगाने वाढणारे शरीर आणि संधी शोधणारा जंतू, दोघांच्या संगनमताचे हे दुखणे आहे. म्हणूनच एकट्या जंतूवर औषध चालवून ते आवरत नाही.

जंतूला रक्तात शिरायला दारे पुष्कळ. हॅचरीत पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याची बेंबी पुरती मिटलेली नसते. अस्वच्छ ट्रे, घाईत लस टोचणारे हात, एवढ्यावर काम होते. पुढे पावसाळ्यात शेडमधले तूस ओले राहिले की विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि पायाचे तळवे अक्षरशः भाजून निघतात. कोकणात पोल्ट्री करणाऱ्याला जुलै-ऑगस्टमधल्या ओल्या गादीचे दुःख वेगळे सांगायला नको. उंच दांडीवरून कडक जमिनीवर उडी मारणाऱ्या परसातल्या गावरान कोंबडीलाही तळव्याला काटा किंवा काच लागून सुपारीएवढी टणक गाठ येते. वर काळी खपली, आत घट्ट पू. घरच्या घरी ब्लेडने ती गाठ कापणारे लोक असतात. कोंबडी वाचतेही कधीकधी. कापणाऱ्याच्या बोटांचे काय होते ते आपण पुढे पाहू.

कोंबडीचा रोग माणसाला, हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा पांढऱ्या पोशाखातली पथके टीव्हीवर दिसली आणि राज्यभर लोकांनी अंडीसुद्धा खाणे सोडले. या जंतूच्या बाबतीत मात्र गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते.

एडिंबरोजवळ रॉसलिन इन्स्टिट्यूट आहे. डॉली मेंढीचा जन्म १९९६ मध्ये तिथलाच. तिथल्या रॉस फिट्झजेराल्ड यांच्या गटाने निरनिराळ्या देशांतल्या कोंबड्यांतून मिळालेल्या या जंतूच्या वाणांची जनुकीय तुलना केली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ब्रॉयलर कोंबड्यांत सापडणारे बहुसंख्य वाण एकाच पूर्वजाचे वंशज निघाले, आणि तो पूर्वज माणसाचा होता. ‘एसटी ५’ नावाच्या मानवी वाणाची एक शाखा, तीही पोलंडमधल्या माणसांत आढळणारी, त्या वेळेपासून मागे सुमारे ३८ वर्षांपूर्वी कधीतरी कोंबडीत शिरली. अंदाजाची कक्षा मोठी आहे, ३० ते ६३ वर्षे. पण उडी एकच, आणि दिशा माणसाकडून कोंबडीकडे.

कुणीतरी नाकाला हात लावला, त्याच हाताने पिल्लू उचलले, असे काहीसे घडले असणार. असे तर रोज घडते, आणि बहुतेक वेळा जंतू नव्या शरीरात तग धरत नाही. माणसाच्या पांढऱ्या पेशींना चकवण्यासाठी तयार केलेली हत्यारे कोंबडीत निरुपयोगी. कोंबडीचे शरीरही आपल्यापेक्षा तापलेले, ४१ अंशांच्या वर. या एका वंशाने मात्र जुळवून घेतले. माणसात रोग घडवायला लागणारी काही जनुके त्याने गमावली आणि पक्ष्यांत राहणाऱ्या जंतूंकडून नवी जनुके उचलली. कोंबडीच्या रक्तातल्या रक्षक पेशींच्या तडाख्यातून तो त्याच्या मानवी भाऊबंदांपेक्षा चांगला वाचतो, असे प्रयोगात दिसले. बदली झालेल्या नोकरदाराने जुन्या गावातले सामान विकून नव्या गावाला शोभेल असे घ्यावे, तसा हा प्रकार.

एवढ्या थोड्या काळात तो जगभर कसा पसरला, याचे संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कोंबडीपालन परसातून उठून कारखान्यात गेले. जगातल्या ब्रॉयलरची आजी-पणजी मोजक्या पैदास कंपन्यांकडे असते. तिथली पिल्ले विमानाने देशोदेशी जातात, त्यांची पिल्ले हॅचऱ्यांत, आणि त्यांची पिल्ले शेडमध्ये. वर कुठेतरी एक जंतू शिरला तर त्याला खाली उतरायला जिना तयार आहे. भारतात २०१९ च्या पशुगणनेत ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले, पैकी सव्वासात कोटींहून अधिक महाराष्ट्रात. गणना एका दिवशीची असते. ब्रॉयलरची पिढी तर वर्षातून पाच-सहा वेळा बदलते.

हा अपवाद म्हणावा तर तसेही नाही. फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की ससेपालनातल्या या जंतूच्या एका वाणालाही माणसातूनच सशात जाता आले, आणि त्यासाठी जनुकातल्या एका अक्षराचा बदल पुरला. २०१८ मध्ये सुमारे ८०० जंतूंच्या पूर्ण जनुकसंचांची तुलना झाली. या जंतूच्या प्राण्या-प्राण्यांमधल्या उड्यांच्या नकाशात सगळ्यात गजबजलेले स्टेशन निघाले माणूस. आपल्याकडून तो गाईगुरांत, कोंबड्यांत, डुकरांत गेला.

गेला तो गेला असता तर हा लेख पशुवैद्यकांच्या मासिकात शोभला असता. पण तो परत आला.

जुलै २००४. नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयात सहा महिन्यांच्या मुलीच्या छातीवर शस्त्रक्रिया करायची होती. त्या देशात रुग्णालयातल्या ‘एमआरएसए’विषयी कमालीची कडक शिस्त आहे. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये आले आणि दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, त्याला दाद न देणारा जंतू इंग्लंडमध्ये सापडला. पेनिसिलिनच्या कुळातली बहुतेक औषधे त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. डच रुग्णालयांनी मात्र संशयिताला शोधा, वेगळे ठेवा, जंतू घालवा, या धोरणाने त्याला जवळपास हद्दपार केले होते. आणि या तान्हीच्या तपासणीत तो सापडला. ती रुग्णालयात राहिलेली नव्हती, परदेशी गेलेली नव्हती. घरच्यांची तपासणी केली तर आईवडिलांकडेही तोच. घर कुठे, तर वराहपालनाच्या फार्मवर.

डॉक्टरांनी त्या भागातल्या वराहपालकांची तपासणी केली. सर्वसाधारण डच नागरिकाच्या तुलनेत त्यांच्यात या जंतूचे प्रमाण ७६० पटींहून अधिक निघाले. या वाणाला पुढे ‘सीसी ३९८’ हे नाव रूढ झाले, आणि डुकरांपाठोपाठ तो वासरांत, मग कोंबड्यांतही सापडला. २०१२ मध्ये अमेरिकेतले लान्स प्राइस आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची वंशावळ मांडली. मूळ पुन्हा माणूसच! माणसात होता तेव्हा तो साध्या औषधांनी मरणारा होता. जनावरांत गेल्यावर त्याने टेट्रासायक्लिन आणि मेथिसिलिन या दोन्हींविरुद्धची ताकद मिळवली. पशुखाद्यात आणि पाण्यात वर्षानुवर्षे प्रतिजैविके घातली जात होती, त्या शाळेत तो शिकला आणि शिकून घरी आला.

त्याची पहिली भेट कुणाशी होते? ताटात चिकन असलेल्या माणसाशी नव्हे. भट्टीवरच्या आचेत जंतू टिकत नाही. भेट होते ती जिवंत पक्षी हाताळणाऱ्याशी. डच कोंबडी-कत्तलखान्यांतल्या ४६६ कामगारांची तपासणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २६ जणांकडे, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास, एमआरएसए होता. देशाचे सर्वसाधारण प्रमाण तेव्हा ०.१ टक्का होते. पण खरी गोष्ट त्या सरासरीच्या आत होती. क्रेटमधून जिवंत कोंबड्या काढून पट्ट्यावर उलट्या टांगणाऱ्यांत हे प्रमाण पाचात एक होते, बाकीच्या कामगारांत शंभरात दोन. टांगलेली कोंबडी पंख फडफडवते, पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ उडते, आणि ती थेट माणसाच्या नाकात जाते.

आता हे चित्र आपल्याकडे आणून पाहा. रात्री अकरा-बाराला शेडवर टेम्पो येतो. कोंबड्या अंधारात शांत असतात म्हणून पकडण्याचे काम रात्री. एकेका हातात चार-पाच पाय धरून पोरे कोंबड्या क्रेटमध्ये भरतात. तोंडावर फार तर रुमाल. मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे ओरखडे, हे या कामाचे ओळखपत्रच. पहाटे हीच कोंबडी दुकानात पोचते. महाराष्ट्रात बहुतेक गिऱ्हाइकांना कातडीशिवायचे चिकन लागते, म्हणजे दुकानातला माणूस दिवसभर हातांनी पिसांसकट कातडी ओढून काढत असतो, आणि या जंतूचा मुक्काम मुख्यतः कातडीवरच. हात दिवसभर ओले. ओली कातडी मऊ पडते, बोटांच्या बेचक्यांत चिरते. वर सुरीचे आणि हाडाच्या टोकांचे बारीक काप. कामात खोळंबा नको म्हणून तो कापावर चिंधी गुंडाळतो, ती पाच मिनिटांत रक्तापाण्याने भिजते.

नाकात किंवा हातावर जंतू असणे म्हणजे रोग नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवे. जनावरांतले हे वाण माणसा-माणसांत तितक्या सहज पसरत नाहीत. डच अभ्यासांत असेही दिसले की जनावरांपासून काही काळ लांब राहिलेल्या पालकांत जंतूचे प्रमाण खाली येते. त्यामुळे अशा माणसांशी अंतर ठेवण्याचे काहीच कारण नाही. धोका आहे तो त्याला स्वतःला : काप चिघळण्याचा, नखुरड्याचा, गळवाचा, मधुमेह असेल तर जास्त. क्वचित हा जंतू रक्तात उतरतो आणि मग हृदयाच्या झडपा, फुप्फुसे, हाडे अशी कुठेही ठाणी मांडतो. हाताची लाली वर चढत असेल, काखेत गाठ आली असेल, थंडी वाजून ताप असेल, तर ते ‘मलम लावून बघू’चे प्रकरण राहिलेले नसते.

काप लागल्यावर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणे आणि कोरड्या हातावर पाणी न शिरणारी पट्टी लावून वर रबरी हातमोजा घालणे, एवढे केले तरी बरेच साधते. शेडवर धूळ उडत असताना रुमालापेक्षा नाकावर घट्ट बसणारा मास्क बरा. कामाचे कपडे घरच्या लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. गळू पिळू नये. आणि कोंबडीसाठी आणलेले औषध स्वतः घेऊ नये. हे वाक्य वाचून हसू येईल, पण पशुऔषधांच्या कपाटातली गोळी किंवा पूड ‘तीच तर आहे’ म्हणून माणसाने घेण्याचा मोह खेड्यांत नवा नाही.

कोंबडीलाही ते औषध देताना एक विचित्र गोष्ट घडते. शेडमध्ये पाच हजार पक्षी, बसलेले चाळीस. औषध सगळ्यांच्या पाण्यात जाते. आता पाणी पितो कोण? जो चालू शकतो तो. म्हणजे चार हजार नऊशे साठ धडधाकट कोंबड्यांना औषधाचा पूर्ण डोस, आणि ज्यांच्यासाठी आणले त्या चाळीसांना सगळ्यात कमी. त्यातही जंतू लपलेला हाडाच्या टोकाशी, जिथे रक्त नीट जात नाही. आजारी पक्षी बहुधा बरे होतच नाहीत. उरलेल्यांच्या अंगावरच्या जंतूंना मात्र औषधाची ओळख होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये बुरशीने मारलेले जे जंतू बशीत पाहिले, ते हेच स्टॅफिलोकॉकस होते. आणि अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशाराही त्यांनीच १९४५ च्या नोबेल भाषणात दिला होता. भारताने २०१९ मध्ये माणसासाठी राखीव शस्त्र असलेल्या कोलिस्टिनवर अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत बंदी घातली, हे चांगलेच झाले. पण ते औषध या जंतूवर चालणारेच नाही. त्याच्याशी लढण्याची औषधे आजही पशुऔषधांच्या दुकानात मिळतात. लंगडी कोंबडी वेगळी काढणे, गादी हलवून कोरडी ठेवणे, पहिल्या पंधरवड्यात वाढीचा वेग थोडा आवरणे, हॅचरीच्या पिल्लाची बेंबी पाहून घेणे, या गोष्टी कंटाळवाण्या आहेत आणि बाटलीतून मिळत नाहीत.

स्वयंपाकघराशी या जंतूचा एक संबंध उरतो. फिलिपिन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकाला एका गोठ्यावरचे दूध प्यायले की उलट्या होत. गाईच्या कासेला सूज होती. ताजे दूध बाधत नसे, काही तास बाहेर राहिलेले बाधत असे. हे त्याने स्वतः पिऊन पुन्हा पुन्हा तपासले आणि १९१४ मध्ये छापले. जंतू अन्नात वाढताना विष सोडतो आणि ते उकळल्यानेही सहजी जात नाही. चिकन शिजल्यावर जंतू मरतो, पण बोटाला पिकलेला फोड असलेल्या माणसाने ते शिजलेले मांस कुसकरले आणि चार तास तसेच ठेवले, तर नंतर गरम करून उपयोग नाही. लग्नाच्या पंगतीत जेवणानंतर दोन-चार तासांत सगळ्यांना एकदम उलट्या सुरू होतात, तेव्हा आचाऱ्याचा हात पाहावा तो यासाठी.

यातून बाहेर पडता येते का? डचांनी २००९ नंतर सहा-सात वर्षांत जनावरांसाठीची प्रतिजैविकांची विक्री निम्म्याहून खाली आणली आणि त्यांचा पशुव्यवसाय बुडाला नाही. नॉर्वेने तर २०१३ पासून वराहपालनात हा जंतू सापडला की कळप काढून टाकायचा, जागा धुऊन निर्जंतुक करायची आणि स्वच्छ जनावरे आणायची, असे खर्चिक धोरण घेतले. तिथे शोध घेताना लक्षात आले की कळपांत जंतू आणणारी अनेकदा माणसेच होती. त्यामुळे तिथे डुकरांना माणसांपासून जपावे लागते.

डच रुग्णालयात भरती होताना आजही विचारतात : जिवंत डुकरे, वासरे किंवा ब्रॉयलर कोंबड्यांशी तुमचा संबंध येतो का? उत्तर ‘हो’ असेल तर नाकातला नमुना घेतात आणि अहवाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. आपल्याकडच्या केसपेपरवरही ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. चिकनच्या दुकानात काम करणाऱ्याचा, रात्री टेम्पो भरणाऱ्याचा किंवा हॅचरीत पिल्ले निवडणाऱ्या बाईंचा केसपेपर काढला, तर त्या रकान्यात बहुतेक वेळा ‘मजुरी’ लिहिलेले असते, किंवा तो कोराच असतो.